वरचा सूर

माझ्या हातोड्यांना नंबर असतात. डोक्याच्या डाव्या गालावर, ३ मिलिमीटरच्या पंचाने उमटवलेले. १ पासून सुरुवात झाली आणि गेल्या मार्चमध्ये ३८ वा पूर्ण झाला. अकरा वर्षांत अडतीस. एखाद्या फोर्जिंग शॉपमध्ये एवढे नग सकाळच्या चहाआधी निघतात, हे मला ठाऊक आहे. आयुष्य त्याच कामात गेलं. पण या अडतिसांतला प्रत्येक हातोडा आज कुणाच्या कमरेला आहे, हे मला वही न उघडता सांगता येतं. एक कोकणकड्यावरून खाली गेला, तो गेलाच. आणि पहिला मी परत मागून घेतला. तो माझ्या लेथच्या वर खिळ्याला टांगलेला आहे.

घर चिंचवडला. मागच्या अंगाला पत्र्याची शेड, त्यात साडेचार फुटी राजकोटी लेथ, एक बेंच ड्रिल, एक ग्राइंडर, बाक आणि त्याला बसवलेला शेगडा, म्हणजे व्हाइस. लेथ भोसरीतल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून घेतला. बेड थोडा झिजलेला होता, जॉब पकडणाऱ्या चकाजवळ जास्त, कारण सगळे आखूड जॉब तिथेच होतात. महिनाभर स्क्रेपर मारून तो मी जाग्यावर आणला. माणसाने रिटायर व्हायच्या आधी आपलं मशीन घेऊन ठेवावं असं मला फार वाटायचं. कंपनीतल्या मशीनवर आपण काम करतो तेव्हा हात आपला असतो, पण मशीन नंतर तिथेच राहतं.

हे हातोडे सुतारकामाचे नाहीत. सह्याद्रीतले सुळके आणि कडे चढणारी पोरं-पोरी ते वापरतात. पुढे चढणाऱ्याला लीड म्हणतात. लीड वर जाता जाता कातळाच्या भेगेत पोलादी मेख ठोकतो, ती पिटॉन. मेखेच्या डोळ्यात कॅरॅबिनर, म्हणजे उघडमिट होणारी कडी, कॅरॅबिनरमधून दोर, आणि खाली दोर सांभाळणारा जोडीदार. पाय सुटला तर लीड त्या शेवटच्या मेखेच्या वर जितका गेला असेल त्याच्या दुप्पट खाली येतो, आणि दोर ताणला जातो म्हणून त्याहून आणखी थोडा. मेख धरली तर. जिथे भेगच नाही तिथे बोल्टसाठी भोक पाडायचं. आता बॅटरीवरचे ड्रिल आलेत, दोन मिनिटांत काम होतं. आम्ही चढायचो तेव्हा एका हातात ड्रिलचा दांडा, दुसऱ्यात हातोडा. एक घाव, दांडा किंचित फिरवायचा, पुन्हा घाव. काळ्याकुळकुळीत, घट्ट बसाल्टात एका भोकाला अर्धा तास सहज जायचा, तोही पायाच्या अंगठ्यावर उभं राहून. खांदा भरून यायचा. तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की हातोडा वाईट असला की माणूस घाई करतो, आणि घाईत भोक तिरकं जातं.

आमच्याकडे तेव्हा चढाईचे हातोडे नव्हतेच. हार्डवेअरच्या दुकानातला अर्धा किलोचा हातोडा घ्यायचा, दांड्याला भोक पाडून दोरी बांधायची, झालं. परदेशी हातोडा एखाद्या संस्थेकडे असे, आणि तो कपाटात असे.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या जुन्या ग्रुपमधल्या मित्राचा मुलगा तुटका हातोडा घेऊन आला. दांडा मानेपाशी मोडलेला. "काका, तुम्ही टूलरूममध्ये आहात, असा एक करून द्या ना." मी पुण्याच्या जुन्या बाजारातून ट्रकच्या एक्सलचा तुकडा आणला. ट्रकचं एक्सल म्हणजे पोलाद उत्तमच असणार, ही माझी समजूत. मी मनापासून काम केलं. फिनिश असं काढलं की त्यात तोंड दिसावं. लाल करून पाण्यात बुडवला, कानस लावून बघितली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. मला वाटलं, झालं काम. कडक म्हणजे चांगलं. तीस वर्षं मशीनवर काढली होती, पण आमच्याकडे हीट ट्रीटमेंटचं खातं वेगळं होतं. जॉब त्यांच्याकडे जायचा आणि होऊन यायचा. मध्ये काय होतं ते मी कधी हाताने केलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी सरावाच्या कातळावर त्या हातोड्याच्या कडेचा टवका उडाला आणि मुलाच्या डोळ्याखाली, बोटभर अंतरावर घुसला. चार टाके पडले. मी दवाखान्यात पोचलो तर तो मलाच धीर देत होता, "काका, काही नाही झालं." त्या रात्री मी तो हातोडा भिंगाखाली धरून बसलो. टवका जिथून उडाला तिथे धातू करडा, दाणेदार, फोडलेल्या खडीसाखरेसारखा दिसत होता. बोटभर वर डोळा होता.

एक्सलचं पोलाद घ्यायची कल्पना मुळात माझी नव्हती. जॉन सलाथेची गोष्ट मी कधीतरी वाचली होती. सलाथे मूळचा स्विस, कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओचा लोहार. वयाची पंचेचाळिशी गाठल्यावर तो चढाईला लागला. तेव्हा अमेरिकेत युरोपातून आलेल्या मऊ लोखंडाच्या मेखा वापरत. आल्प्समध्ये त्या चालायच्या, ठोकल्या की भेगेच्या वळणाप्रमाणे वळून घट्ट बसायच्या. पण योसेमिटीचा ग्रॅनाइट त्यांना दाद देईना. भेगा अरुंद, सरळ आणि आतून बंद. मेख आत जायच्या ऐवजी वाकायची. सलाथेने भट्टी पेटवली आणि कठीण मिश्र पोलादाच्या मेखा घडवल्या. फोर्ड गाडीच्या एक्सलमधून, असं चढाईच्या जगात आजही सांगतात. १९४७ साली तो आणि अँटन नेल्सन पाच दिवस कातळावर काढून लॉस्ट अ‍ॅरो सुळक्याच्या माथ्यावर पोचले, ते त्या मेखांवर.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, इव्हॉन शुइनार नावाच्या तरुणाने भंगारातून कोळशाची जुनी भट्टी, १३८ पौंडांची म्हणजे साधारण ६३ किलोंची ऐरण, चिमटे आणि हातोडे आणले आणि लोहारकाम स्वतःच शिकला. तासाला दोन मेखा व्हायच्या. दीड डॉलरला एक, गाडीच्या डिकीतून विकायचा. मला या दोघांबद्दल वाचताना सगळ्यात काय भावतं, तर दोघंही स्वतः चढत होते. मेख वाकली तर आधी त्यांचीच वाकणार होती. चूक आपल्याच अंगावर येणार असली की हात वेगळा चालतो. माझी चूक दुसऱ्याच्या पोराच्या गालावर आली होती.

आमचं गाव जुन्नरकडचं. तिथे अण्णा लोहार होते, आता नाहीत. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, पहारी, सगळं त्यांच्या हातचं. मी तो पहिला हातोडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला आणि विचारलं, "भाऊ, पाणी पाजलं ते दिसतंय. उतरवलं का नाही?"

पाणी पाजलं की पोलाद ताठतं. मग ते थोडं उतरवायचं असतं, नाहीतर ते कुणाचं ऐकत नाही, असं अण्णा म्हणत. आम्ही ज्याला टेंपरिंग म्हणतो ते. पाजलेला तुकडा घासून लख्ख करायचा आणि मागून हळूहळू ताव द्यायचा. मग त्या लख्ख अंगावरून रंग चालत येतात. अण्णांच्या तोंडी त्यांची नावं होती: आधी गवत, मग गूळ, मग जांभूळ, मग मोर. मी नंतर थर्मामीटर लावून पडताळलं. गवत म्हणजे वाळलेल्या गवताचा फिकट पिवळा, २२०-२३० अंशांचा. गूळ २५५ च्या आसपास. जांभूळ २८०. मोरपिसाचा निळा ३०० च्या घरात. विळ्याला गवत पुरे, त्याला धार टिकवायची असते. ज्याला पोलादावरच घाव घालायचे आहेत त्याला जांभळापर्यंत न्यायचं. गवतावर थांबवलेला हातोडा टवके टाकतो. मोराच्या पुढे गेलेल्याचं तोंड चार महिन्यांत पसरून भूछत्र होतं.

तो रंग चालताना बघणं ही फार सुंदर गोष्ट आहे. तो घाई करत नाही. पिवळा येतो, पुढे सरकतो, त्याच्या मागे गुळाचा, आणि गुळाच्या कडेला जांभळाची बारीकशी सावली दिसली की तुमच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात बुडवायचं. चुकलं तर सगळं पहिल्यापासून. मी हे काम संध्याकाळी, शेडमधला दिवा बंद करून, दारातून येणाऱ्या उजेडात करतो. ट्यूबच्या उजेडात जांभळा रंग फसवतो.

आता पोलाद बाजारातलं बेवारस घेत नाही. ईएन ९ प्रतीच्या पोलादाचा चौरस बार घेतो, २८ मिलिमीटरचा, टेस्ट सर्टिफिकेटसकट. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का, थोडा वरच. १२० मिलिमीटरचा तुकडा कापला की ७४० ग्रॅम भरतो. त्यातून तयार डोकं ४७० ग्रॅमचं निघतं. बाकीचा कीस होऊन लेथखालच्या ट्रेमध्ये पडतो. चौरस बार म्हणून फोर-जॉ चक लागतो, आणि प्रत्येक जॉबला डायल लावून सेंटर काढावं लागतं. एका टोकाला घाव घालायचं गोल तोंड. त्याला अगदी किंचित फुगवटा ठेवतो, सपाट तोंड तिरकं लागलं की सगळा मार कडेवर येतो. दुसऱ्या टोकाला चपटी, बोथट चोच, भेगेतली माती-गवत खरवडायला आणि मेख उचकटायला. चोचीच्या मुळाशी १४ मिलिमीटरचं भोक, त्यात कॅरॅबिनर अडकवून मेख वरच्या बाजूला झटके देऊन काढता येते. या भोकाच्या कडा मी एमरीने इतक्या गोल करतो की त्यातून ओढलेली नायलॉनची पट्टी कुठे अडकू नये. तपासायला बायकोची जुनी ओढणी वापरतो. एक धागा जरी ओढला गेला तरी पुन्हा एमरी.

आणि मधे नेढं.

हातोड्यात जिथे दांडा बसतो त्या भोकाला मराठीत नेढं म्हणतात. सुईचं नेढं, कुऱ्हाडीचं नेढं. आणि राजगडाच्या सुवेळा माचीवर, रतनगडाच्या माथ्यावर कातळाला वाऱ्या-पावसाने आरपार भोक पडलंय त्यालाही आपण नेढंच म्हणतो. रतनगडाच्या नेढ्यात बसून वारा अंगावर घेतलेला माणूस हातोड्याच्या नेढ्याकडे साधं भोक म्हणून बघूच शकत नाही. माझ्याकडे मिलिंग मशीन नाही. मी एकाशेजारी एक तीन भोकं पाडतो, मधल्या भिंती तोडतो आणि पुढचं सगळं अर्धगोल कानशीने. तीन तास जातात. नेढं सरळ नसतं. दोन्ही तोंडांना रुंद आणि मधे कमरेला बारीक, डमरूसारखं. दांडा खालून चेपून घालायचा, कमरेतून वर काढायचा आणि वरून पाचर मारायची. वरचं लाकूड फाकतं आणि डमरूचा वरचा पेला भरून टाकतं. मग डोकं खालीही सरकत नाही आणि वरही निसटत नाही. पाचर लाकडाची, लांबीच्या दिशेने, आणि तिच्यावर आडवी एक छोटी पोलादी. नेढ्याच्या कोपऱ्यात टोकदार कोन ठेवायचा नाही, तडा तिथूनच सुरू होतो. आणि नेढ्याभोवतीचा भाग पाजायचा नाही. फक्त दोन टोकं लाल करायची, मधलं अंग मऊच राहिलं पाहिजे, कारण मार खाऊन तिथलं पोलाद वाकलं तर चालेल, फुटलं तर नाही. लाल किती करायचं याला मी चुंबक वापरतो: ७७० अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला धरेनासं होतं. त्याच्या पुढे अजून थोडा ताव, आणि कोमट तेलात. पाणी मी त्या दिवसापासून वापरत नाही. तेल सावकाश पाजतं, तडकायची भीती कमी.

दांडा बाभळीचा. परदेशात हिकरी वापरतात, ती उत्तम आहे यात शंका नाही. पण बैलगाडीचं चाक, नांगर, कुऱ्हाडीचा दांडा, हे सगळं या मुलखात बाभळीने पेललंय. हादरा पचवणं तिला नवीन नाही. आमच्या बांधावरच्या पडलेल्या बाभळीचे ओंडके मी करवतीने न कापता फोडून घेतले. फोडलेलं लाकूड आपल्या रेषेतच फुटतं, त्यामुळे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. कापलेल्या लाकडात रेषा मधेच कडेला बाहेर पडते, आणि दांडा नेमका तिथे मोडतो. त्या मुलाचा तुटका दांडा मी अजून ठेवलाय. मोड तिरकी आहे, रेषेबरोबर.

लाकूड दोन वर्षं शेडच्या माळ्यावर वाळतं. आणि दांडा मी फक्त मार्च ते मेमध्ये बसवतो. पहिले तीन-चार मी पावसाळ्यात बसवले होते. तेव्हा ते दगडासारखे घट्ट वाटले, आणि जानेवारीत, ऐन चढाईच्या हंगामात, खुळखुळायला लागले. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, थंडीत कोरडं होऊन आकसतं. म्हणून ते सगळ्यात कोरडं असताना बसवायचं. काही जण सैल झालेला हातोडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सकाळी घट्ट लागतो, पण फुगलेलं लाकूड पोलादावर चेपलं जातं आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा सैल होतं. मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो, हे करू नका, माझ्याकडे आणा. वर्षातून एकदा जवसाचं तेल लावा. बस.

मेखा पण कर, असं पुष्कळांनी सुचवलं. मी करत नाही. मेखेवर माणूस लोंबकळतो. तिची प्रत्येक खेप ताण-यंत्रावर ओढून तपासायला हवी, आणि ते माझ्या शेडमध्ये होत नाही. हातोड्यावर कुणाचं वजन येत नाही, एवढ्या आधारावर मी हे काम मनाला पटवून घेतलं होतं. टवका उडणार नाही, डोकं निसटणार नाही, एवढं मी सांभाळलं की माझी जबाबदारी संपली. बरीच वर्षं मी याच समजुतीत होतो.

मग ३४ नंबरवाली आली. तिची आणि माझी ओळख हातोड्यातूनच झाली, म्हणून माझ्या डोक्यात तिचं नाव आधी ३४ येतं. बारीक चणीची, कॉलेजात शिकवते, सुट्ट्या सुळक्यांवर घालवते. हातोडा मागायला आली तेव्हा मी सवयीने विचारलं, आधीच्याला काय झालं? तिने सांगितलं ते असं. माहुलीच्या बाजूला एका सुळक्यावर ती लीड करत होती. हातोड्याचं डोकं सैल होतं. मेख ठोकली, पण प्रत्येक घावाला डोकंच वाजत होतं, मेख काय म्हणते ते ऐकूच येईना. हात दमले होते, दोर लावला आणि पुढे गेली. चाळीस फूट पुढे गेली. पाय सुटला नाही. माथा झाला, सगळे आनंदात होते. उतरताना तीच मेख काढायला तिने हातोडा उचलला, आणि मेख नुसत्या बोटांनी निघून आली.

मी तिच्याकडे बघत राहिलो, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. मी स्वतः चढलेला माणूस. मेख चांगली बसत असली की ती गाते. पहिल्या घावाला आवाज ठसठशीत पण खालचा. दुसऱ्याला जरा वर. प्रत्येक घावागणिक सूर चढत जातो, टक, टंक, टिंग, आणि शेवटी असा एक लख्ख वरचा सूर लागतो की हात आपोआप थांबतो. सूर मधेच पडला, किंवा चढताचढता एकदम ठप्प झाला, तर भेग आत रुंद आहे, किंवा मागचा दगड पोकळ आहे, किंवा अख्खं फळकंच, कातळाचा सुटा पापुद्रा, निघायच्या बेतात आहे. आपल्या बसाल्टात हे फार, कारण दख्खनचा कातळ लाव्ह्याच्या थरांचा. एक थर घट्ट काळा, वरचा थर फोडफोडांचा, मधे कधी लाल मातकट पट्टा. डोळ्याला सगळं सारखंच दिसतं. कानाला दिसत नाही.

हे मी विसरलो होतो, कारण मला तो सूर ऐकू येत नाही. टूलरूमच्या भिंतीपलीकडे प्रेस शॉप होतं आणि मी तिथे ३१ वर्षं होतो. कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला तेव्हा रेषा ४,००० हर्ट्झपाशी कड्यावरून उतरावी तशी खाली गेली होती. गोंगाटाने जाणारे कान आधी तिथेच जातात, डॉक्टर म्हणाले. माणसांचं बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं. नातीच्या पैंजणांचा आवाज येत नाही. आणि मेखेचा वरचा सूर येत नाही. मी शेडमध्ये हातोडे वाजवून बघायचो ते हाताला हादरा कसा लागतो यासाठी. तो माझा हात अजून नीट ओळखतो. पण सूर मी तपासतच नव्हतो. नेढ्यात केसाएवढी फट राहिली तर हाताला ती उशिरा कळते, कानाला आधी.

३४ पासून पुढचा प्रत्येक हातोडा देण्याआधी ती येते. शेडच्या मागे बसाल्टचा एक मोठा धोंडा आहे, त्याला दोन भेगा आहेत, एक चांगली आणि एक फसवी. ती दोन्हीत मेख ठोकते आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघतो. चांगल्या भेगेत सूर चढला आणि फसव्या भेगेत पडला, आणि हे दोन्ही तिला डोळे मिटून सांगता आलं, तर हातोडा पास. ३६ नंबर तिने दोनदा परत केला. "काका, यात अजून कुणीतरी बोलतंय," म्हणाली. मी पाचर काढली, दांडा काढला, नेढ्याला काजळी लावून पुन्हा बसवून पाहिला. मानेपाशी एका बाजूला नखभर जागेत काजळी उमटलीच नव्हती. तिथे लाकूड पोलादाला टेकतच नव्हतं. नवा दांडा केला.

हातोड्याने कातळाला इजा होते, हेही बोलायला हवं. सलाथेच्या मेखा कठीण होत्या म्हणून त्या काढून पुन्हा वापरता येत. त्यामुळे एकाच भेगेत शेकडो जणांनी मेखा ठोकल्या आणि काढल्या, आणि योसेमिटीच्या भेगांना बोट जाईल अशी खिंडारं पडली. शुइनारने ते पाहिलं. १९७२ च्या आपल्या कॅटलॉगमध्ये त्याने मेखा सोडा आणि भेगेत हाताने अडकवता-काढता येणारे धातूचे ठोकळे, म्हणजे नट, वापरा असं सांगितलं, तेही मेखा हाच धंद्याचा कणा असताना. मला त्याचं हे धैर्य त्याच्या भट्टीइतकंच मोठं वाटतं. मीही हातोडा देताना सांगतो की जिथे नट बसतो तिथे हा कमरेलाच राहू दे. जुना बोल्ट गंजलाय का, फळकं पोकळ आहे का, हे विचारायला काढ. बदडायला काढू नकोस. आमच्याकडचे कितीतरी बोल्ट वीस-पंचवीस पावसाळे खाल्लेले आहेत. त्यांच्यावर विश्वास टाकायच्या आधी कुणीतरी टकटक करून विचारलंच पाहिजे.

३८ नंबर मार्चमध्ये झाला, तो तिच्या ग्रुपमधल्या एका नव्या मुलासाठी. पहिल्यांदा तो वानरलिंगीवर जाणार होता, म्हणून मीही गेलो. वानरलिंगी म्हणजे जीवधनाला खेटून, पण त्याच्यापासून सुटा उभा असलेला सुळका, साडेतीनशे फुटांच्या आसपास. माझे गुडघे आता चढाईचे नाहीत. पहाटे नाणेघाटाच्या लेण्यापाशी थोडा बसलो. नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथेच भिंतीवर आहे. लेखापेक्षा माझी नजर नेहमी टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, खुणांकडे जाते. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी याच बसाल्टावर सुतकी, पाथरवटाचा हातोडा, चालवली, आणि दगड कुठे घट्ट, कुठे पोकळ, हे त्यालाही घावाच्या आवाजावरूनच कळलं असणार. त्याच्या सुतकीचा दांडा कुणी बसवला असेल?

ऊन चढायच्या आत जीवधनाच्या माथ्यावर, सुळक्यासमोर जाऊन बसलो. ३४ लीड होती, मुलगा तिच्या मागे. एका जागी थांबून तिने जुना बोल्ट वाजवला, मान हलवली. शेजारी भेग होती. तिथे तिने मुलाला पुढे घेतलं, स्वतः दोर सांभाळला आणि मेख त्याच्या हातात दिली.

माझ्या आणि त्यांच्यामध्ये शंभरएक मीटर हवा होती. एवढ्या अंतरावर आवाज घावाच्या मागून येतो, सेकंदाचा तिसरा हिस्सा उशिरा. हात खाली आलेला दिसायचा, मग टक. हात खाली, मग टक. तिसऱ्या घावापर्यंत ऐकू आलं. चौथा घाव दिसला, पण काहीच आलं नाही. पाचवा दिसला, काही नाही. मी श्वास धरून बसलो. हात वर गेला, सहावा घाव, आणि हात वरच थांबला. त्याने मेखेवर तळवा ठेवला. मग मान वळवून, खालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, ओरडला:

"बसलीऽऽ!"

तेवढं मला ऐकू आलं.